रविवारी सकाळी सहा वाजता

डिसेंबर लागला की पुण्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "यंदा म्हणावी तशी थंडी नाही." आणि दुसरं, "सवाईची ती मजा आता राहिली नाही." पहिल्याबद्दल आपण काही करू शकत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र माझ्याकडे एक सूचना आहे. रीतसर गणित मांडून केलेली आहे, त्यामुळे शेवटपर्यंत वाचा आणि मग काय त्या शिव्या घाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (हिंजवडीत नव्याने आलेल्या मित्रमंडळींनो, हे तुमच्यासाठी). सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य, आणि भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर यांचे गुरू. १९५२ च्या सप्टेंबरमध्ये ते गेले. गुरूची आठवण म्हणून १९५३ पासून भीमसेनजींनी आणि मंडळींनी हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. २०११ च्या जानेवारीत भीमसेनजी गेले आणि महोत्सवाच्या नावात सवाई गंधर्वांच्या शेजारी त्यांचंही नाव आलं. एका शिष्याने गुरूसाठी सुरू केलेली गोष्ट सत्तर वर्षं उलटून गेली तरी चालू आहे. आपल्याकडची सॉफ्टवेअरं सात वर्षं टिकली तरी आपण त्यांना 'लेगसी' म्हणतो!

तर 'ती मजा' म्हणजे नक्की काय? ती मजा म्हणजे रात्र.

पूर्वी सवाई रात्रभर चालायचा. संध्याकाळी जेवून, स्वेटर, शाली, कानटोप्या, सतरंज्या आणि चहाचा थर्मास घेऊन लोक रमणबागेत जाऊन बसायचे ते पहाटेपर्यंत. शेवटच्या सत्रात रविवार उजाडला की भीमसेनजी गायचे आणि त्यानंतर सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रित भैरवी लागायची. मग सगळे तांबारलेल्या डोळ्यांनी घरी. आमचं घर कसबा पेठेत, तांबट आळीच्या बाजूला. तिथून शनिवारवाड्यावरून रमणबाग म्हणजे रमतगमत गेलं तरी पंधरा-वीस मिनिटं. माझी आजी शेजारच्या दोघीतिघींबरोबर चालत जायची आणि पहाटे चालतच परत यायची. आल्यावर झोपायची नाही, थेट चहा टाकायची. हे सगळं मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. ती रात्र संपली तेव्हा मी बालवाडीत होते.

संपली कशी? २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. पुढे त्यात एक सवलत आली, की सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार रात्री बारापर्यंत परवानगी देऊ शकतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दहा ते सहा ही मर्यादा उचलून धरली. मग काय, गणपती, नवरात्र, शिवजयंती, एकतीस डिसेंबर या सगळ्यांनी ते पंधरा दिवस वाटून घ्यायचे. त्यातला एखादा सवाईच्या वाट्याला येतो. म्हणून हल्ली शनिवारचं सत्र बारापर्यंत आणि बाकीचे दिवस दहाच्या ठोक्याला पूर्णविराम.

या नियमाला नावं ठेवायची पुण्यात फॅशन आहे. "त्या डीजेवाल्यांना कोणी विचारत नाही, आणि तानपुऱ्यावर बंदी!" टाळ्या मिळवणारं वाक्य आहे. पण मंडळी, मी कसबा पेठेत वाढले आहे. मानाच्या पहिल्या गणपतीची पेठ ती. विसर्जनाच्या रात्री खिडकीची तावदानं थरथरताना मी मोजली आहेत, आणि दुसऱ्या दिवशी तशाच डोक्याने कॉलेजची सबमिशनं केली आहेत. तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर ठोके पडतात तेही आमच्या कानांना सवयीचे, पण ते दिवसा पडतात आणि रात्री थांबतात. आवाजाबरोबर राहणाऱ्या माणसाला रात्रीच्या शांततेची किंमत जास्त कळते. म्हणून मी सरळ सांगते, मी नियमाच्या बाजूने आहे. दहा म्हणजे दहा. आणि नियम करताना 'हा आवाज संस्कृती, तो आवाज गोंगाट' असं ठरवत बसलो तर ठरवणारा कोण, यावरच पाच वर्षं वाद चालेल. पुण्यात तर दहा.

शिवाय एक गोष्ट कोणी बोलत नाही. नियमाने रात्र नेली, पण त्या बदल्यात घर आणलं. रात्रभर बसणारे कोण असायचे? दर्दी, तरुण, आणि ज्यांना सकाळी कोणाचा डबा करायचा नाही असे. आमच्या घरातही आजी जायची कारण आजोबा घर सांभाळायचे. (सत्तरच्या दशकातला पुरोगामी पुरुष! नमस्कार करून ठेवावा असा.) माझी आई मात्र एकदाही जाऊ शकली नाही. तेव्हा दादा तान्हा होता, मग मी. सवाई दुपारी-संध्याकाळी आला तेव्हा आईने तो पहिल्यांदा पाहिला. रात्रीच्या आठवणी काढणाऱ्या लेखांमध्ये ही बाजू येत नाही, कारण ते लेख लिहिणारे रात्री तिथे होते आणि आई घरी होती.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही सगळं खटलं घेऊन रविवारी गेलो. आजी, आई, बाबा, दादा-वहिनी, त्यांचे सहा वर्षांचे चिरंजीव आणि मी. महोत्सव २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरतो, म्हणजे चालत जाण्याचा प्रश्नच मिटला. पण त्याच सप्टेंबरात भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली होती. कसबा पेठ, मंडई, स्वारगेट, फक्त दोन थांबे. चौऱ्याऐंशी वर्षांची आजी सरकत्या जिन्यावर वहिनीचा हात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "वाड्याच्या खालून आगगाडी जाते आणि भिंतीला तडा नाही, आश्चर्य आहे बाई." पुढे रिक्षाने मुकुंदनगर.

मंडपातलं वातावरण तसं गंभीरच होतं. महोत्सव सुरू व्हायच्या तीन दिवस आधीच झाकिर हुसेन गेले होते. त्याच वर्षाच्या जानेवारीत आधी राशिद खान आणि मग चारच दिवसांनी प्रभाताई अत्रे. प्रभाताईंनी सवाईची सांगता करायची ही कितीतरी वर्षांची सवय. एका वर्षात तिघं. आजूबाजूच्या गप्पांमध्ये गाण्यापेक्षा न राहिलेल्या माणसांचीच नावं जास्त होती.

पण कुटुंब म्हणून तो दिवस मस्त गेला, हे कबूल करायला हवं. चिरंजीवांनी पहिला अर्धा तास सारंगीकडे टक लावून पाहिलं, दुसरा अर्धा तास आईच्या मांडीवर झोप काढली आणि उरलेला वेळ बाबांच्या बोटाला धरून खाण्याच्या स्टॉलची पाहणी केली. आई डोळे मिटून बसली होती. वहिनीला शास्त्रीय संगीतातलं फारसं कळत नाही असं ती स्वतःच सांगते, पण समेवर तिची मान बरोबर हलत होती. 'सवाईची जत्रा झाली' असं म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचं आहे, की जत्राच हवी. जत्रेत सगळं घर जातं. दहा दर्दी सांभाळण्यापेक्षा शंभर घरं आणणं जास्त अवघड आहे आणि या महोत्सवाने ते करून दाखवलं आहे.

मग अडचण काय आहे? अडचण चिरंजीवांनी काढली. मध्यंतरात त्यांनी पणजीला विचारलं, "पणजी, तू गोष्टीत सांगतेस तो अंधारातला राग कधी आहे?"

आजी म्हणाली, "तो आता नसतो रे. ललत ऐकून मला किती वर्षं झाली. तुझी आत्या मोबाईलवर लावून देते, पण संध्याकाळी सात वाजता. सकाळचा चहा रात्री प्यायल्यासारखं लागतं ते."

आता हे नीट समजून घ्या. हिंदुस्थानी संगीतात रागाला वेळ असते. दिवसाचे आठ प्रहर, प्रत्येकी तीन तासांचे, आणि प्रत्येकाचे आपापले राग. दुपारी सारंगाचे प्रकार, मग भीमपलास, मुलतानी. सूर्य बुडताना मारवा, पूरिया, श्री. रात्री यमन, बागेश्री, मग उत्तररात्रीकडे मालकंस, दरबारी. पहाटे ललत, सोहनी, उजाडताना भैरव, रामकली, नंतर तोडी. कर्नाटक संगीतात हे बंधन इतकं कडक नाही, पण आपल्याकडे आहे, आणि बहुतेक कलाकार मैफलीत ते पाळतात.

म्हणजे महोत्सवाचं वेळापत्रक बदललं तेव्हा फक्त खुर्चीत बसायची वेळ बदलली नाही, तर गायचा 'डेटा'च बदलला. दुपारी तीन ते रात्री दहा एवढीच खिडकी उघडी ठेवली की दुपार-संध्याकाळचे राग भरपूर मिळतात. (पूर्वी रात्रीच्या मैफलींमध्ये मुलतानीला कुठली जागा? तो आता हक्काने येतो, हा फायदाच.) मध्यरात्रीचे शनिवारी थोडेफार मिळतात. पण पहाट? मधल्या काळात रविवारी सकाळचं सत्र असायचं, तेव्हा तोडी तरी कानावर पडायचा. आता रविवार दुपारी बाराला सुरू होतो, म्हणजे तोही गेला. माझ्या वयाच्या किती जणांनी ललत समोर बसून, योग्य वेळी, बाहेर अजून अंधार असताना ऐकला आहे? माझ्या ऑफिसच्या ग्रुपमध्ये मी विचारलं. तिघंजण दरवर्षी सवाईला जाणारे. तिघांचंही उत्तर शून्य.

राग असा एकदम मरत नाही. रेकॉर्डिंगं राहतातच. पण ज्या रागासाठी मैफलच भरत नाही, तो कलाकार तयार कशाला करेल? दहा वर्षं कोणी न वापरलेलं फीचर कोडमध्ये असतं, पण त्याला हात लावायची कोणाची हिंमत नसते. तसंच.

यावर एक उपाय कोलकात्याने काढला आहे. तिथली डोव्हर लेन म्युझिक कॉन्फरन्स जानेवारीत भरते आणि अजूनही रात्रभर चालते. कारण ती बंदिस्त सभागृहात, नझरूल मंचात होते. नियमातच तशी सोय आहे, की रात्रीची बंदी बंदिस्त जागेत, आतल्या आत लावलेल्या स्पीकरला नाही. आपल्याकडेही सभागृहात एखादी रात्र करता येईल. पण सवाईचा श्रोतृवर्ग कुठल्याच सभागृहात मावणारा नाही, आणि तसं केलं की पुन्हा तेच, दर्दी आत आणि आई घरी. मला ते नको आहे.

तर आता माझी सूचना. नियम पुन्हा वाचा. बंदी रात्री दहा ते सकाळी सहा. म्हणजे सहा वाजून एका मिनिटाने लाऊडस्पीकर लावायला हा नियम आडवा येत नाही.

आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात सूर्य किती वाजता उगवतो? साधारण सातला! कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि पुणे आहे ७३.८ अंशाच्या आसपास. प्रत्येक अंशाला चार मिनिटं धरली, तर आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे पस्तीस मिनिटं मागे चालतो. त्यात हिवाळ्याचा छोटा दिवस. कायद्याची सकाळ सहाला होते आणि पुण्याची सातला. मधला एक तास कायद्याने दिवस आहे आणि आकाशात रात्र. जूनमध्ये हा तास मिळत नाही, तेव्हा सहाच्या सुमारालाच सूर्य वर येतो. तो मिळतो फक्त थंडीत, आणि आपला महोत्सव नेमका थंडीत आहे. याला मी योगायोग म्हणत नाही, ही तर आयती मिळालेली खिडकी आहे.

रविवारी सकाळी सहा ते दहा एक सत्र आणि दुपारी चार ते रात्री दहा दुसरं. एकूण तास? चार अधिक सहा, दहा. आत्ता बारा ते दहा म्हणजेही दहाच. एक मिनिटही वाढत नाही. सहाला अंधारात ललत, सातला उजाडताना भैरव किंवा रामकली, आणि मग ऊन वर आलं की तोडी. मधल्या सहा तासांत घरी जा, जेवा, आणि एक ते चार झोपा. ते तर पुणेकराला कोणी शिकवायला नको! म्हाताऱ्या माणसांची पाठ आणि पोरांचा धीर, दोन्ही सलग दहा तास टिकत नाहीत. चार-चार, सहा-सहा तास टिकतात.

आक्षेप येणार, ते मीच मांडते.

"इतक्या पहाटे येणार कोण?" अहो, दिवाळी पहाट ऐकायला कोण येतं? अभ्यंगस्नान उरकून, नवे कपडे घालून, फटफटायच्या आत जागा धरायला येणारे लोक याच गावातले आहेत ना? थंडीत उठायची आपली तयारी असते, फक्त शेवटी फराळ हवा. तोही मंडपात आहेच.

"शनिवारी बाराला संपलं, सहाला पुन्हा सुरू. माणसांनी झोपायचं कधी?" हा आक्षेप खरा आहे. स्वयंसेवक आणि ध्वनिव्यवस्थेची माणसं यांची रात्र यात जाते. रिलीजच्या रात्री ऑफिसमध्ये झोपलेल्या माणसाने तरी हे हसण्यावारी नेऊ नये. पण आपण तिथे करतो तेच इथेही करता येईल. पहाटेची तुकडी वेगळी, रात्रीची वेगळी. सहाच्या आधी स्पीकरवर आवाज तपासता येणार नाही, म्हणून मिक्सरचं सेटिंग शनिवारीच तयार ठेवायचं. तानपुरे जुळवायला माईक लागतच नाही. खर्च वाढेल, तिकिटात थोडा येऊ दे. मेट्रो इतक्या लवकर नसेल, त्या दिवशी रिक्षा.

"दुपारचे सारंग गेले त्याचं काय?" गेले, हे खरंच. बारा ते तीनची ती एक जागा जाते. पण भीमपलास, मुलतानी आठवड्याच्या तीन दुपारी मिळतात. पहाट एकाही दिवशी मिळत नाही. एक द्यायचं आणि एक घ्यायचं असेल, तर ज्याच्याकडे काहीच नाही त्याला आधी द्यावं.

"आणि शेजारी?" हा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नियम परवानगी देतो म्हणून मुकुंदनगरच्या माणसाने रविवारी सहाला का उठावं? आवाज म्हणजे काय हे ज्याच्या खिडकीशी तो येतो त्याने ठरवायचं असतं, हे आम्ही कसब्यात दरवर्षी ओरडून सांगतो. तेव्हा इथे उलटी भाषा चालणार नाही. त्यांना आधी विचारा. पहिला तास आवाज मंडपापुरता ठेवा. ललतच्या आलापीला तसंही भिंत हलवायची गरज नसते. आजूबाजूच्या सोसायट्यांना त्या सत्राचे पास द्या. एवढं करूनही ते नको म्हणाले, तर नको. पण विचारून बघायला काय हरकत आहे?

मला त्या जुन्या रात्रीची हळहळ नाही. जे पाहिलंच नाही त्याची हळहळ कशी वाटणार? माझा हिशोब साधा आहे. आमच्या घरात चार पिढ्या एका मंडपात बसू शकतात अशी फार वर्षं उरलेली नाहीत. आजीला तो राग ठाऊक आहे आणि चिरंजीवांना तो हवा आहे. मधल्या आम्ही लोकांनी, म्हणजे ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे, गाडी आणि कॅलेंडर आहे, एक रविवार लवकर उठायचं आहे, इतकंच.

पटलं तर आयोजकांपर्यंत पोचवा. नाही पटलं तर आणखी चांगलं गणित मांडा. आणि हो, आजीचा एक निरोप आहे. ती रोज साडेचारला उठलेलीच असते, तिची काळजी कोणी करू नये.